खिसा-कॅमेरा

खिसा-कॅमेरा : अंगावरील कपड्यांच्या खिशात मावेल आणि दैनंदिन व्यवहारात सतत जवळ बाळगता येईल, असा लहान आकारमानाचा कॅमेरा. सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने हाच त्याचा एकमेव कॅमेरा असतो. परंतु छायाचित्रण हा ज्यांचा व्यवसाय वा आस्थेचा छंद आहे, त्यांच्या दृष्टीने तो मुख्य कॅमेऱ्याचा जोडीदार होय. मुख्य कॅमेरा वजनामुळे घरी राहिला, ऐन वेळी बिघडला, त्यातील फिल्म संपली किंवा तो उघडपणे वापरणे अशक्य झाले, तर काम निभावून नेण्यासाठी हा दुसरा कॅमेरा उपयोगी पडतो. प्रसंग घडत असताना कॅमेरा हाताशी असणे हा गुण भिंगाच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा आहे, ही जाणीव या प्रकाराच्या मुळाशी आहे.

कॅमेरा लहान करण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. एक म्हणजे चित्राचे क्षेत्रफळच कमी करणे आणि दुसरा म्हणजे क्षेत्रफळ शक्य तेवढे राखून यंत्राची घडी घालणे वा त्याचे भाग दाटीने बसविणे. पहिला मार्ग सोपा व बहुधा स्वस्त असल्याने उत्पादक त्याकडे पुनःपुन्हा वळले. दुसरा मार्ग अवघड आहे. तथापि सु. सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहता जोडीचा कॅमेरा म्हणून चोखंदळ छायाचित्रकारांचा विश्वास प्रामुख्याने दुसऱ्या मार्गाने गेलेल्या कॅमेऱ्यांनीच संपादन केला, असे दिसून येते.

आकारमानाचे गणित : सर्वसाधारण दृश्याचे चित्र घेण्यासाठी वापरावयाच्या भिंगाचे केंद्रांतर हे निगेटिव्हच्या कर्णाच्या जवळपास असते. भिंग व फिल्म यांच्यामध्ये साधारणपणे तेवढे अंतर राखावे लागते. त्यामुळे निगेटिव्ह मोठी असेल, तर कॅमेराही जाड होतो. ४ × ६·५ सेंमी. निगेटिव्हचा कर्ण सु. ७६ मिमी., २४ × ३६ मिमी. निगेटिव्हचा सु. ४३ मिमी. व ८ × ११ मिमी. निगेटिव्हचा सु. १४ मिमी. असतो. शेवटच्या प्रकारात काहीही घडी न घालता कॅमेरा बोटाएवढा करता येतो, तर पहिल्या प्रकारात भाता वापरल्यावाचून गत्यंतर नसते.

या लाभाची किंमत प्रत काढताना मोजावी लागते. १० × १५ सेंमी. आकाराची प्रत हवी असल्यास २४ × ३६ मिमी. निगेटिव्हचे सु. चारपट, १३ × १७ मिमी. निगेटिव्हचे सु. नऊपट व ८ × ११ मिमी. निगेटिव्हचे तेरा ते चौदापट विवर्धन करावे लागते. फिल्मवरील पायसाचे कण, धूळ, ओरखडे, हाताचा कंप व भिंगाचे दोष हे सर्व त्याच प्रमाणात मोठे होऊन प्रतीवर उमटतात. अंकीय कॅमेऱ्यात फिल्मऐवजी प्रकाशसंवेदक असला, तरी क्षेत्रफळाचा हा नियम मूलतः कायम राहतो, कारण संवेदक लहान असल्यास त्यावर गोळा होणारा एकूण प्रकाशही कमी असतो.

प्रारंभ : १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रचारात आणलेल्या ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत काच चित्र घेण्याच्या आधी काही क्षण तयार करावी लागे आणि ती ओली असतानाच तिचे विकसन करावे लागे. अंधारखोली बरोबर नेल्याशिवाय छायाचित्रकाराला बाहेर पडता येत नसे. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनाच्या कोरड्या पट्टीची कल्पना मांडली. पुढील दहा वर्षांत तिच्यात झालेल्या सुधारणांमुळे उद्‌भासनास सेकंदाचा अंशही पुरू लागला. कॅमेरा तिकाटण्यावरून हातात आला, तो या टप्प्यावर. पुस्तक, पुडके, हातपिशवी अशा वेषांतील तथाकथित गुप्त कॅमेरे १८८० नंतरच्या दशकात बाजारात आले. श्टिर्न यांचा वाटोळा, चपटा कॅमेरा बंडीखाली छातीवर अडकवीत आणि त्याचे भिंग गुंडीच्या काजातून बाहेर डोकावे. एका वाटोळ्या काचपट्टीवर त्यात सहा चित्रे घेता येत. पुढे गणितज्ञ व भूभौतिकीविज्ञ म्हणून कीर्ती पावलेले कार्ल स्टर्मर यांनी विद्यार्थिदशेत, १८९० नंतरच्या दशकात, असा कॅमेरा वापरून ऑस्लो (तेव्हाचे क्रिस्तियानिया) येथील रस्त्यांवर कित्येक व्यक्तींची छायाचित्रे घेतली. त्यांत नाटककार हेन्रिक इब्सेन यांचाही समावेश होता. छायाचित्रगृहातील ताठर मुद्रेऐवजी चालता-बोलता माणूस या चित्रांत दिसतो.

याच सुमारास या साधनाची दुसरी बाजूही पुढे आली. सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस या अमेरिकन विधिज्ञांनी १८९० मध्ये खासगीपणाच्या हक्कावर लिहिलेल्या सुप्रसिद्ध लेखात तत्क्षणी घेतल्या जाणाऱ्या छायाचित्रांचा उल्लेख केला आहे. सहज लपविता येणारा कॅमेरा इतरांच्या संमतीचा प्रश्न उपस्थित करतो, ही गोष्ट तेव्हापासून स्पष्ट झाली असून तो प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

जॉर्ज ईस्टमन (१८५४–१९३२) यांच्या कारखान्याने १८८८ मध्ये पहिला कोडॅक कॅमेरा व १८८९ मध्ये सेल्युलॉइडची गुंडाळी-फिल्म विक्रीस आणली. काचेचे ओझे त्यामुळे नाहीसे झाले. १८९५ मध्ये निघालेल्या ‘पॉकेट कोडॅक’ या पाच डॉलर किंमतीच्या पेटीवजा कॅमेऱ्यात सु. ३८ × ५१ मिमी. आकाराची चित्रे येत. नावात खिसा असला, तरी हा ठोकळा खिशाला फुगवटा आणणाराच होता. त्यापाठोपाठ १८९७-९८ मध्ये आलेल्या ‘फोल्डिंग पॉकेट कोडॅक’ या कॅमेऱ्यात भाता मिटवून भिंग आत ढकलण्याची सोय करण्यात आली आणि यंत्राची घडी घालण्याचा मार्ग खुला झाला.

व्हेस्ट पॉकेट कोडॅक : बंडीच्या खिशात खरोखर मावणारा आणि जगभर पोहोचलेला पहिला कॅमेरा म्हणून १९१२ मध्ये निघालेल्या व्हेस्ट पॉकेट कोडॅकचा उल्लेख करावा लागेल. मिटलेल्या स्थितीत तो सु. १२ सेंमी. लांब, ६ सेंमी. रुंद व २·५ सेंमी. जाड असून त्याचे वजन सु. २५५ ग्रॅ. होते. एकमेकींवरून सरकणाऱ्या पट्ट्यांच्या आधाराने भिंग ओढून बाहेर काढीत. त्याच्यासाठी खास काढलेल्या १२७ क्रमांकाच्या फिल्मवर ४ × ६·५ सेंमी.ची आठ चित्रे येत. साध्या आवृत्तीत झडपेचे १/२५ व १/५० सेकंद असे दोनच ठराविक वेग होते. निगेटिव्ह पुरेशी मोठी असल्याने विवर्धन न करता तिच्याच आकाराची प्रत काढून ती वहीत चिकटविता येई. यंत्र लहान, पण चित्र मोठे, हे त्याच्या यशाचे मर्म होय. १९१५ पासून त्याच्या पाठीवरील फटीतून निगेटिव्हच्या कडेवर तारीख वा स्थळ लिहिण्याची सोय असलेली आवृत्तीही मिळू लागली. १९२६ पर्यंत त्याचे उत्पादन चालू होते.

पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांनी हा कॅमेरा बरोबर नेला आणि जाहिरातींतूनही तो ‘सैनिकाचा कोडॅक’ म्हणून गाजला. १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी ब्रिटिश व जर्मन सैनिकांनी उत्स्फूर्तपणे लढाई थांबविली आणि ते दोन खंदकांमधल्या जागेत एकमेकांना भेटले. या घटनेची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत, ती अधिकृत छायाचित्रकारांनी घेतलेली नसून सैनिकांनी स्वतःजवळच्या लहान कॅमेऱ्यांनी घेतलेली आहेत. जानेवारी १९१५ मध्ये ती ब्रिटिश वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली. सैनिकांनी खासगी कॅमेरे बाळगू नयेत, असे हुकूम ब्रिटिश सैन्यात डिसेंबर १९१४ पासून निघू लागले होते व १९१५ मध्ये ते अधिक कडक करण्यात आले. त्यानंतर तेथील सामान्य सैनिकाच्या नजरेतून घेतलेली चित्रे विरळ होत गेली. ही बंदी सर्वांनी पाळली नाही, हे युद्धानंतर घराघरांतून सापडलेल्या छायाचित्रवह्यांवरून कळते. कॅमेरा खिशात लपण्याजोगा नसता, तर या वह्या निर्माण झाल्या नसत्या.

याच प्रकारच्या एका कॅमेऱ्याशी गिर्यारोहणाच्या इतिहासातील एक न सुटलेले कोडे निगडित आहे. ८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी व अँड्रू अर्व्हिन हे एव्हरेस्टच्या शिखराकडे जात असताना नाहीसे झाले. त्यांच्याबरोबर सहकारी हॉवर्ड सॉमरव्हेल यांचा व्हेस्ट पॉकेट कोडॅक होता. मोहिमेजवळ छायाचित्रणाची मोठी व उत्तम साधने होती, परंतु अखेरच्या चढाईत एवढेच वजन परवडणारे होते. सॉमरव्हेल यांनी पुढे त्रावणकोरमध्ये वैद्यकीय मिशनरी म्हणून दीर्घकाळ काम केले. त्यांचा कॅमेरा मात्र परत आला नाही. १ मे १९९९ रोजी मॅलरी यांचा मृतदेह सापडला, तेव्हा त्यांच्या अंगावर पत्रे, चाकू, बर्फाचा चष्मा इ. वस्तू मिळाल्या, पण कॅमेरा मिळाला नाही. २०२४ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तरेकडील हिमनदीवर अर्व्हिन यांचा पाय बुटासह आढळला, तेव्हाही कॅमेरा हाती लागला नाही. ते दोघे शिखरावर पोहोचले होते किंवा नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या पाव किलो वजनाच्या यंत्रातील फिल्मवर असू शकेल, या आशेने त्याचा शोध घेतला गेला आहे.

लायका व मिनॉक्स : ऑस्कर बारनाक (१८७९–१९३६) हे वेट्‌झ्लार येथील लाइट्‌स या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात काम करीत. दम्याच्या विकारामुळे काचपट्ट्यांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्यांना त्रासाचे होई. चलच्चित्रांसाठी वापरली जाणारी ३५ मिमी. रुंदीची फिल्म आडवी धावेल अशी योजना करून त्यांनी २४ × ३६ मिमी. चित्राचा एक छोटा कॅमेरा १९१३-१४ च्या सुमारास बनविला. महायुद्धामुळे रखडलेली ही कल्पना १९२५ मध्ये लाइपसिकच्या जत्रेत ‘लायका’ या नावाने लोकांपुढे आली. त्याचे ५० मिमी. केंद्रांतराचे भिंग वापर नसताना नळीसह आत ढकलता येई. निगेटिव्ह लहान, पण भिंग व यंत्ररचना इतकी काटेकोर की मोठी प्रतही समाधानकारक निघावी, हे त्यामागील सूत्र होते. २४ × ३६ मिमी. हा आकार यानंतर जगन्मान्य झाला. पुढे अंतरमापक, बदलती भिंगे इ. सुधारणांबरोबर लायका वजनदार होत गेला. तो मुख्य कॅमेरा बनला आणि त्याच्या जोडीला आणखी लहान कॅमेरा असावा, अशी गरज निर्माण झाली.

वॉल्टर झाप (१९०५–२००३) यांनी लॅटव्हियातील रीगा येथे तयार केलेला ‘मिनॉक्स’ हे पहिल्या मार्गाचे, म्हणजे चित्रच लहान करण्याचे, सर्वांत टोकाचे व कल्पक उदाहरण होय. १९३८ च्या सुमारास विक्रीस आलेल्या या पोलादी कॅमेऱ्याची लांबी सु. ८ सेंमी. असून त्यात ८ × ११ मिमी.ची पन्नास चित्रे घेता येत. कवच ओढून उघडले की, कॅमेरा सज्ज होई आणि मिटून पुन्हा उघडले की, फिल्म पुढे सरके. झाप यांना सर्वांच्या उपयोगाचा कॅमेरा अभिप्रेत होता. प्रत्यक्षात कागदपत्रांची नक्कल करण्यास तो सोयीचा असल्याने दुसऱ्या महायुद्धात व नंतरच्या शीतयुद्धात अनेक देशांच्या हेरखात्यांनी तो वापरला. युद्धानंतर त्याचे उत्पादन जर्मनीत सुरू झाले. त्याच्या निगेटिव्हचे क्षेत्रफळ लायकाच्या सु. एक-दशांश असल्याने विकसन व विवर्धन अत्यंत निगुतीने करावे लागे. स्थिर प्रकाशात जवळच्या कागदाचे चित्र घेण्यास तो आदर्श ठरला, पण धावत्या जीवनाच्या चित्रणात त्याच्या मर्यादा उघड झाल्या.

यंत्र लहान, चित्र पूर्ण : जपानमधील ऑलिंपस कारखान्यातील अभिकल्पक योशिहिसा मैतानी (१९३३–२००९) यांनी १९५९ मध्ये ‘पेन’ हा कॅमेरा सिद्ध केला. लेखणीप्रमाणे तो सदैव जवळ बाळगावा, हा नावामागील हेतू होता. मैतानी स्वतः लायका वापरीत असत आणि स्वस्त असूनही लायकाच्या जोडीला शोभेल असे भिंग त्यात असावे, हा त्यांचा आग्रह होता. सामान्य ३५ मिमी. फिल्मवर १८ × २४ मिमी.ची अर्धी चित्रे घेतल्यामुळे छत्तीस चित्रांच्या फिल्मवर बहात्तर चित्रे मिळत. पेन हा दोन मार्गांमधील मध्यम मार्ग होय. चित्र निम्मे झाले, तथापि फिल्म सर्वत्र मिळणारीच राहिली.

पूर्ण आकाराच्या चित्राचा खराखुरा खिसा-कॅमेरा १९६६ मध्ये कोलोन येथील प्रदर्शनात सादर झाला. हाइन्त्स वास्के यांचा ‘रोलाय ३५’ हा कॅमेरा सु. ९७ मिमी. लांब, ६० मिमी. उंच व ३२ मिमी. जाड असून त्याचे वजन सु. ३७० ग्रॅ. होते. भिंगामागील झडपेची पाती व तिचा वेग नियंत्रित करणारी चक्रे एकाच ठिकाणी ठेवल्यास भिंग आत ढकलता येत नाही, ही अडचण वास्के यांनी दोन्ही भाग एकमेकांपासून अलग करून सोडविली. पाती भिंगाच्या नळीत राहिली आणि चक्रे कॅमेऱ्याच्या अंगात बसविण्यात आली. त्यात अंतरमापक नव्हता, अंतर अदमासानेच लावावे लागे. परंतु प्रकाशमापक वगळता सर्व यंत्रणा विद्युत् घटावाचून चालत असल्याने राखीव कॅमेरा म्हणून त्यावर विसंबता येत असे. प्रथम ब्रन्सविक येथे व १९७० नंतरच्या दशकात सिंगापूर येथे त्याचे उत्पादन होई.

मैतानी यांचाच १९७९ मधील ‘एक्सए’ हा कॅमेरा या परंपरेतील पुढचे पाऊल होय. त्याच्या ३५ मिमी. भिंगाची रचना अशी होती की, ते बाहेर ओढावे लागत नसे. पुढचे आवरण बाजूला सरकविताच कॅमेरा तयार होई आणि मिटविताच भिंग झाकले जाई. त्यामुळे वेगळ्या चामडी पेटीची गरज उरली नाही. सु. २२५ ग्रॅ. वजनाच्या या कॅमेऱ्यात अंतरमापकही होता. मात्र झडप विजेवर चालत असल्याने घट संपला की, कॅमेरा निरुपयोगी होई. त्या काळच्या अनेक छायाचित्रकारांना रोलाय व एक्सए यांमध्ये निवड करताना हीच बाब विचारात घ्यावी लागे.

पेटीतील फिल्म व चकती : कोडॅकने १९७२ मध्ये ११० क्रमांकाची, प्लॅस्टिकच्या बंद पेटीतील फिल्म व तीवर चालणारे ‘पॉकेट इन्स्टामॅटिक’ कॅमेरे आणले. फिल्म अडकविण्याची कटकट नाहीशी झाल्याने या चपट्या, लांबट कॅमेऱ्यांचा खप प्रचंड झाला. भारतातील मध्यमवर्गीय घरांत तोपर्यंत गळ्यात अडकविण्याचा ‘ॲग्फा क्लिक ३’ हा ६ × ६ सेंमी. चित्रांचा पेटी-कॅमेरा रूढ होता. १९८० नंतरच्या दशकात ‘हॉट शॉट’ या नावाचे सुटसुटीत कॅमेरे सहली, बारसे, मुंज यांसारख्या प्रसंगी दिसू लागले. लहान प्रतींपुरते ११० चे चित्र पुरेसे होते. परंतु १३ × १७ मिमी. म्हणजे पूर्ण आकाराच्या सु. एक-चतुर्थांश निगेटिव्हवरून मोठी प्रत काढताच ती भुरकट दिसे.

१९८२ मध्ये याच दिशेने आणखी एक पाऊल टाकण्यात आले. वाटोळ्या चकतीवर सु. ८ × १० मिमी.ची पंधरा चित्रे घेणारा कोडॅकचा चकती-कॅमेरा अत्यंत चपटा, विजेरी-झोतासह सज्ज व यांत्रिक दृष्ट्या प्रगत होता. मात्र त्याची निगेटिव्ह मिनॉक्सच्या निगेटिव्हएवढीच होती. ती मिनॉक्सच्या निगुतीने नव्हे, तर पेठेतील सर्वसाधारण दुकानांत छापली जाणार होती. प्रती कणीदार व अस्पष्ट निघत. ते दशक संपण्यापूर्वीच कोडॅकने हे कॅमेरे बनविणे थांबविले. ज्या कुटुंबांनी त्या वर्षांतील मुलांचे बालपण केवळ या चकत्यांवर साठविले, त्यांना ती चित्रे आता मोठी करून पाहणे अवघड जाते. कॅमेऱ्याच्या निवडीतील चूक कित्येक वर्षांनी आणि कधीच दुरुस्त न होणाऱ्या स्वरूपात ध्यानात येते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याउलट ३५ मिमी. फिल्मचे स्वयंचलित कॅमेरे याच काळात लहान होत गेले. १९७७ मधील ‘कोनिका सी ३५ एएफ’ हा आपोआप अंतर जुळविणारा पहिला मोठ्या प्रमाणावर उत्पादित कॅमेरा होय. १९९० मधील ‘काँटॅक्स टी २’, १९९६ मधील ‘रिको जीआर १’ व १९९७ मधील ‘ऑलिंपस म्यू २’ हे या मालिकेतील गाजलेले कॅमेरे असून शेवटच्याचे वजन सु. १३५ ग्रॅ. एवढेच होते. जपानी छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांनी टोकिओच्या रस्त्यांवरील आपल्या चित्रणासाठी रिकोच्या या लहान कॅमेऱ्यांचा सातत्याने उपयोग केला. जोडीचा मानलेला कॅमेरा कलावंताच्या हाती मुख्य साधन होऊ शकतो, हे त्यावरून दिसते.

अंकीय काळ : १९९५ मधील ‘कॅसिओ क्यूव्ही-१०’ सारख्या कॅमेऱ्यांमुळे घेतलेले चित्र पाठीवरील पडद्यावर लगेच पाहता येऊ लागले. २००० नंतर पत्त्यांच्या जोडाएवढे अंकीय कॅमेरे सर्वत्र झाले. मात्र त्यांतील बहुसंख्यांचे संवेदक सु. ६ × ४·५ मिमी. एवढे लहान, म्हणजे चकती-कॅमेऱ्याच्या चित्राच्याही एक-तृतीयांश क्षेत्रफळाचे होते. जाहिरातींचा भर चित्रबिंदूंच्या संख्येवर असे. त्याच इवल्याशा जागेत अधिकाधिक बिंदू कोंबल्याने अंधुक प्रकाशातील चित्रे डागाळलेली येत. तरीही या कॅमेऱ्यांचे सामर्थ्य काही व्यावसायिकांनी ओळखले. इटालियन वृत्तछायाचित्रकार ॲलेक्स मायोली यांनी २००३ च्या सुमारास काँगो व इराकमधील संघर्षाच्या चित्रणासाठी ऑलिंपसचे लहान अंकीय कॅमेरे वापरले. मोठ्या कॅमेऱ्यासमोर लोक सावध होतात, तर पर्यटकासारख्या दिसणाऱ्या छायाचित्रकाराची त्यांना फारशी दखल घ्यावीशी वाटत नाही, हा त्यामागील लाभ होता.

यानंतर इतिहासाची पुनरावृत्ती झाली आणि पुन्हा यंत्र लहान ठेवून चित्र मोठे करण्याचा मार्ग धरण्यात आला. २०१२ मधील ‘सोनी आरएक्स १००’ या सु. २४० ग्रॅ. वजनाच्या कॅमेऱ्यात १३·२ × ८·८ मिमी. संवेदक, म्हणजे तत्पूर्वीच्या सर्वसाधारण लहान कॅमेऱ्यांच्या सु. चौपट क्षेत्रफळाचा, बसविण्यात आला. २०१३ मधील ‘रिको जीआर’ व २०१९ मधील ‘जीआर ३’ यांत तर मोठ्या बदलभिंगी कॅमेऱ्यांत वापरला जाणारा सु. २३·५ × १५·६ मिमी.चा संवेदक आला. त्यासाठी अनेक केंद्रांतरांची सोय सोडून एकाच ठराविक भिंगावर समाधान मानण्यात आले.

दरम्यान भ्रमणध्वनीत कॅमेरा आल्याने खिसा-कॅमेऱ्याचे सामान्य गिऱ्हाईक नाहीसे झाले. २०१० मध्ये जपानी उत्पादकांनी सर्व प्रकारचे मिळून सु. १२ कोटी अंकीय कॅमेरे बाजारात धाडले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. भ्रमणध्वनीचा संवेदक लहान असला, तरी अनेक उद्‌भासने क्षणार्धात घेऊन ती गणिती पद्धतीने एकत्र करण्याच्या तंत्रामुळे क्षेत्रफळाची उणीव बरीचशी भरून निघते. असे असूनही स्वतंत्र कॅमेऱ्याची मागणी पूर्णपणे आटली नाही. २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा अर्ध्या चित्राचा, फिल्मवर चालणारा नवा कॅमेराही निघाला.

निवडीचे निकष : वरील इतिहासावरून जोडीच्या कॅमेऱ्याच्या निवडीसाठी काही निकष निष्पन्न होतात. पहिला निकष वजनाचा व जाडीचा. सदऱ्याचा खिसा व कोटाचा खिसा यांत बराच फरक असून, जो कॅमेरा सवयीने घरी ठेवला जातो, तो कितीही उत्तम असला तरी या कामाचा नव्हे. दुसरा निकष चित्राच्या क्षेत्रफळाचा. मुख्य कॅमेऱ्याच्या चित्रांशेजारी मांडता येतील अशी चित्रे त्यातून मिळावयास हवीत. तिसरा निकष समानतेचा. मुख्य कॅमेऱ्याचीच फिल्म, स्मृतिपत्र वा घट चालत असल्यास अडचणीत एकाचे साहित्य दुसऱ्यास वापरता येते. रोलाय ३५ व एक्सए यांना व्यावसायिकांनी जवळ केले, त्याचे हे एक कारण होते.

चौथा निकष सज्जतेचा होय. खिशातून काढल्यापासून चित्र घेईपर्यंत किती वेळ लागतो, हे येथे निर्णायक ठरते. पूर्ण आकाराच्या चित्राच्या कॅमेऱ्यात ३५ मिमी. भिंगाचे छिद्र एफ/८ वर ठेवून अंतर सु. ५ मी. लावल्यास सु. २·५ मी. पासून क्षितिजापर्यंतचे सर्व काही पुरेसे रेखीव येते. अंतर असे आधीच लावून ठेवणारा छायाचित्रकार स्वयंचलित यंत्रणेपेक्षाही शीघ्र काम करू शकतो. पाचवा निकष विश्वासार्हतेचा. राखीव कॅमेरा मुख्य कॅमेऱ्याला दगा देणाऱ्या कारणांनीच, म्हणजे थंडी, पाऊस वा संपलेला घट यांनी बंद पडत असेल, तर तो राखीव म्हणविण्यास पात्र नाही. हे सर्व निकष एकाच कॅमेऱ्यात सहसा एकत्र येत नाहीत. त्यामुळे कोणती उणीव आपल्या कामाला कमीत कमी बाधक ठरेल, हे पाहूनच निवड करावी लागते.

१९१२ चा व्हेस्ट पॉकेट कोडॅक सु. २५५ ग्रॅ., १९७९ चा एक्सए सु. २२५ ग्रॅ., २०१२ चा आरएक्स १०० सु. २४० ग्रॅ. व २०१९ चा जीआर ३ सु. २५७ ग्रॅ. वजनाचा आहे. काचेचे भिंग, भाता, फिल्म, संवेदक हे सर्व बदलत गेले, परंतु शतकाहून अधिक काळ हे वजन पाव किलोच्या आसपासच राहिले. माणूस कुरकुर न करता दिवसभर जेवढे ओझे खिशात वागवू शकतो, तेवढ्यातच यंत्र बसवावयाचे असल्याने ही मर्यादा तंत्रविद्येने नव्हे, तर माणसाच्या सवयीने घालून दिलेली आहे. नाताळातील युद्धविरामाची छायाचित्रे आज पाहावयास मिळतात, ती या मर्यादेत बसणारे कॅमेरे त्या दिवशी काही सैनिकांच्या खिशात होते म्हणूनच.